नागपुरात घरावर सोलर लावलं, काम कच्चं निघालं तर? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या त्रिमूर्ती नगरच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसलं आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यातलं कच्चं काम एकेक करून बाहेर आलं. ते निस्तरता निस्तरता बरंच काही समजलं, मग कॉलनीतले, ऑफिसातले, नात्यातले लोक म्हणायला लागले, भाऊ जरा आमच्या छतावर येऊन पाहता का. आतापर्यंत पंधरा-वीस छतं तरी पाहून झाली असतील. पॅनलच खराब निघालं असं मला अजून एकाही घरी दिसलं नाही, जिथे बिघडलं तिथे हाताचं काम बिघडलेलं होतं, कुठे कनेक्टर, कुठे अर्थिंग, कुठे नटबोल्ट. प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो.

बिल पाहिजे तेवढं कमी होऊन नाही राहिलं, पॅनल खराब आले काय?

पहिले बिल बाजूला ठेवा. बिलात तुम्ही किती वापरलं हे पण मिसळलेलं असतं आणि सोलर लागल्यावर घरातला एसी जास्त चालायला लागतो. पाहायचं ते जनरेशन, म्हणजे इन्व्हर्टरच्या (पॅनलचा डीसी करंट घरच्या एसी करंटमध्ये बदलणारा डबा) डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये दिसणारे रोजचे युनिट. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॅटला १२ च्या आसपास. पण रोज १२ येणार नाही, मार्च-एप्रिलच्या स्वच्छ दिवसात १४-१५ पण होतात आणि जुलै-ऑगस्टची झड लागली की ४-५ वर येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी तुलना शेजाऱ्याशी करा. तुमच्या लाइनीत कोणाकडे तेवढ्याच किलोवॅटचं सोलर असेल तर एकाच स्वच्छ दिवशी दोघांचे युनिट लिहून ठेवा, असं चार-पाच दिवस करा. एखाद्या युनिटचा फरक सोडून द्या, पण रोज दोन-अडीच युनिट कमी येत असतील तर मात्र छतावर काहीतरी आहे असं समजा, आणि वेंडर, म्हणजे सोलर बसवून देणारा, "धूळ असेल" म्हणाला तर त्याच्यासमोर पॅनल धुवा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा त्याला पाठवा.

मे महिन्यात एवढं ऊन असून एप्रिलपेक्षा युनिट कमी कसे?

पॅनलला ऊन पाहिजे, गरमी नको. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ डिग्री तापमानाला मोजलेले असतात आणि त्याच्यावर दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ४५-४६ असलं की काच ७० च्या घरात जाते, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. भर दुपारी ३ किलोवॅटच्या सिस्टीमवर २.३ किंवा २.४ दिसलं तर ते बरोबर आहे. पण पॅनल पत्र्याला किंवा स्लॅबला चिकटवून बसवले असतील आणि खालून हवा खेळायला जागाच सोडली नसेल तर ते आणखी तापतात, आणि तो दोष बसवणाऱ्याचा.

मला वायरिंगमधलं काही कळत नाही, मी छतावर जाऊन काय पाहू?

पाहण्यासारखं खूप आहे, फक्त हात लावू नका. हे आधी नीट समजून घ्या, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. घरातला मेन स्विच बंद केला तरी उन्हात पॅनलमधून करंट सुरूच असतो. सहा पॅनल एकामागे एक जोडलेले असले की त्या दोन वायरमध्ये साधारण ३०० व्होल्ट डीसी असतो, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढून काढला तर जी ठिणगी पडते ती विझत नाही, जळत राहते. म्हणून कनेक्टर उघडायचे नाहीत, डीबीचे, म्हणजे स्विच-वायरिंगच्या डब्याचे, झाकण काढायचे नाहीत. सकाळी लवकर जा, मोबाइल घ्या, पॅनलच्या मागच्या बाजूला वाकून फोटो काढा.

त्या फोटोत काय पाहायचं? वायर कशी आहे ते पहिले पाहा. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर सोलरची डीसी केबल असायला पाहिजे, तिच्या अंगावरच तसं छापलेलं असतं, घरांसाठी बहुतेक ४ स्क्वेअर एमएमची. काही जण मधला तुकडा घरगुती वायरचा टाकून देतात, नागपूरच्या उन्हात त्याचं आवरण दोन उन्हाळ्यांत तडकतं. मग वायर कुठे टेकली आहे ते पाहा. स्लॅबवर लोळत असेल, पॅनलच्या फ्रेमच्या धारेवर घासत असेल, पत्र्याच्या कापलेल्या काठावरून गेली असेल, तर ते काम परत करायला लावा. साध्या पांढऱ्या केबल टायने बांधलं असेल तर तो टाय वर्षभरात कडकडून तुटतो आणि वायर खाली लोंबते, उन्हात टिकणारे काळे टाय किंवा स्टीलचे क्लिप पाहिजेत.

नंतर कनेक्टर, ज्याला एमसी-फोर म्हणतात. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या पाहिजेत. दिसायला सगळे सारखे आणि एकमेकांत बसतातही, पण आतली पिन थोडी जरी ढिली बसली की तिथे गरम होतं, प्लास्टिक आधी पिवळं मग तपकिरी पडतं आणि एक दिवस वितळतं. पॅनलसोबत आलेले कनेक्टर एका कंपनीचे आणि वेंडरने बाजारातून आणलेले दुसरे, हे मी जवळपास प्रत्येक दुसऱ्या छतावर पाहिलं आहे. वायरच्या टोकावर पिन क्रिंपिंग टूलने दाबण्याऐवजी पक्कडीने दाबणं हा तसाच दुसरा प्रकार, तो बाहेरून दिसत नाही, म्हणून काम चालू असताना तिथे उभं राहा आणि विचारा की क्रिंपिंगचं टूल आणलं का. नसेल आणलं तर त्या दिवशी काम थांबवा, हे मी मनापासून सांगतो.

पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, ११ नंतर आपोआप होतो. हे पावसाळ्यात असंच असतं का?

नाही. आम्हाला पण हेच सांगितलं होतं आणि आम्ही सव्वा महिना ते मान्य करून बसलो.

आमच्याकडे जूनच्या शेवटी सुरू झालं. रात्री पाऊस, सकाळी डिस्प्लेवर लाल दिवा आणि आयसोलेशन फॉल्ट लिहिलेलं, मग १०-११ च्या सुमारास ऊन तापलं की जणू काही झालंच नाही असं सुरू. वेंडरचा मुलगा दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी आला, दुपारी सगळं ठीक दिसणार. शेवटी मी कॅलेंडरवरच लिहायला लागलो, कोणत्या रात्री पाऊस, सकाळी किती वाजता सुरू झालं. एका सकाळी पावणेसातला छत्री घेऊन वर गेलो आणि तिसऱ्या पॅनलखाली वाकून पाहिलं तर दोन कनेक्टर स्लॅबवर साचलेल्या पाण्यात चक्क बुडालेले होते, चहाच्या बशीएवढं डबकं, त्यात वायरचा वेटोळा आणि मधोमध ते दोन कनेक्टर. पाणी आत गेलं की करंट जमिनीकडे गळतो, इन्व्हर्टर सकाळी सुरू व्हायच्या आधी ते तपासतो आणि स्वतःला बंद ठेवतो. ऊन आलं की वाळतं, मग सुरू. म्हणजे इन्व्हर्टर आपलं काम चोख करत होता, कच्चा होता तो बांधणारा हात.

त्या डबक्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा कुठे हलले. कनेक्टर बदलले, एकाची पिन हिरवी पडलेली निघाली, वायर फ्रेमला वर बांधली, आणि त्यानंतर आजपर्यंत एक सकाळ चुकली नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर माणूस सकाळी सातला बोलवा, दुपारी नाही. आणि असा फॉल्ट दाखवत असताना पॅनलच्या फ्रेमला, खालच्या लोखंडी स्ट्रक्चरला ओल्या हाताने किंवा अनवाणी हात लावू नका, लेकरांना तर वर जाऊच देऊ नका.

अर्थिंग बरोबर झालं हे कसं समजायचं, ते तर जमिनीत असतं?

म्हणूनच सगळ्यात जास्त चोरी तिथेच होते.

घरच्या सोलरला तीन वेगवेगळे अर्थिंगचे खड्डे लागतात. एक पॅनल आणि स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूचा, आणि एक छतावर आकाशातली वीज झेलायला जो अरेस्टरचा खांब उभा असतो त्याचा. अरेस्टरचा खड्डा आणि त्याची पट्टी बाकीच्यांपासून वेगळी पाहिजे, कारण वीज पडली तर तो सगळा करंट तिथून उतरणार, तीच पट्टी इन्व्हर्टरच्या अर्थिंगला जोडली तर वीज सरळ घरात आणली असं होतं. खड्ड्यात २ ते ३ मीटरचा रॉड, भोवती अर्थिंगची पावडर, वर झाकण, आणि मोजल्यावर ५ ओहमच्या आत आकडा.

माझ्या मेव्हण्याच्या घरी, बेस्याकडे, तीन झाकणं व्यवस्थित होती, वर पिवळ्या पेंटने नंबर पण टाकलेले. मी सहज एकाचं झाकण उचललं, रॉड धरून हलवला तर हलला, ओढला तर हातात आला. दीड फुटाचा तुकडा, खाली कोरडी माती, पावडरचा पत्ता नाही. बाकी दोन झाकणांखाली एकच वायर फिरवून आणलेली होती. हे पाहताना मेव्हण्याची बायको शेजारी उभी होती, तिचं दोन वर्षांचं पोरगं त्याच अंगणात खेळतं. मला त्या दिवशी फार राग आला आणि अजून आठवलं की येतो.

तर खड्डा खणताना हजर राहा, रॉड आत टाकायच्या आधी टेपने लांबी मोजून फोटो काढा. आधीच बसवून झालं असेल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा, तिन्ही खड्ड्यांचे आकडे कागदावर लिहून सही घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी असते तेव्हा मोजलेला आकडा खरा, पावसाळ्यात कच्चं अर्थिंग पण चांगलं दिसतं.

वादळात पॅनल उडतील का? स्ट्रक्चर जरा हलते असं वाटते.

हलत असेल तर आजच फोन करा. मे-जूनचं आपल्याकडचं वादळ कसं येतं हे नागपूरकराला सांगायला नको, दहा मिनिटांत पत्रे, होर्डिंग, झाडं सगळं खाली. इमारतींच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास, आणि कुलर खाली ठेवायला जागा राहावी म्हणून आपण स्ट्रक्चर उंच करून घेतो तेव्हा वारा खालून पॅनल उचलतो.

पाहायचं काय, तर पाइप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, आहे का. काही ठिकाणी एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, चौकोनी पाइप आणून वरून सिल्व्हर पेंट मारतात, पहिल्या दिवशी फरक ओळखू येत नाही, एका पावसाळ्यानंतर जोडावर गंज उतरतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप जरी असला तरी जागेवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं, कापलेल्या टोकांचं पण तेच, म्हणून अशा जागी झिंकचा लेप पाहिजे. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, प्रत्येकाला वॉशर. चांगला मिस्त्री नट पूर्ण कसला की त्याच्यावर मार्करची एक रेघ ओढतो, म्हणजे पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ नसेल तर तुम्ही ओढा.

क्लॅम्प पॅनलच्या कोणत्या जागी लावायचे हे पॅनलच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं, कुठेही लावले तर काच वाऱ्याने वाकते आणि वॉरंटी पण नाकारतात. मॅन्युअल मागून घ्या, एक पान उघडून मिस्त्रीसमोर धरा, पुष्कळ फरक पडतो.

सोलर बसवल्यापासून स्लॅब गळायला लागला.

स्लॅबमध्ये ड्रिल मारून फास्टनर ठोकला आणि भोवती काही भरलं नाही की पाणी त्या छिद्रातून कोब्याखाली जातं आणि भलत्याच जागी खोलीत उतरतं, म्हणून मिस्त्री म्हणतो "इथे तर आमचा पाय पण नाही". पावसाळ्याआधी प्रत्येक पायाभोवती मातीची छोटी आळी करून पाणी भरून ठेवा, एकेका पायाला एक दिवस, खाली ओल येते का पाहा, कोणता पाय गळतो ते नक्की समजतं. चांगलं काम म्हणजे केमिकल भरून बसवलेला अँकर, किंवा स्लॅबला धक्का न लावता वर काँक्रीटचे ब्लॉक आणि त्यात पाय. घर जुनं असेल, महाल-इतवारीकडची घरं असतात तसं, तर उंच स्ट्रक्चरच्या आधी स्लॅब कोणाला तरी जाणकाराला दाखवाच.

टाकीची सावली एका पॅनलवर पडते, वेंडर म्हणते थोडीशी आहे, चालते.

नाही चालत. पॅनल एकाला एक जोडलेले असतात, एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी नुकसान कोपऱ्यापेक्षा जास्त होतं.

इथे नागपूरची एक गोष्ट लक्षात ठेवा. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर असतो, सावली पायाखाली. वेंडर उन्हाळ्यात जागा पाहायला येतो, त्याला कुठेच सावली दिसत नाही, तो टाकीला लागून पॅनल काढून देतो. डिसेंबरात दुपारी बाराला पण सूर्य ४५ डिग्रीवरच असतो, म्हणजे ५ फुटाच्या टाकीची सावली उत्तरेला ५ फूट, आणि सकाळी नऊला त्याच टाकीची सावली वायव्येकडे दहा फुटांहून जास्त. टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नवीन उठलेला दुसरा मजला, अरेस्टरचा खांब, डिशची छत्री, या सगळ्यांची डिसेंबरची सावली मोजून मगच जागा ठरवायची. बसवून झालं असेल तर टाकी सरकवणं बहुतेक वेळा पॅनल सरकवण्यापेक्षा सोपं पडतं, आणि चूक वेंडरच्या आराखड्याची असेल तर तो खर्च त्याच्याकडे मागा.

भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, थोड्या वेळाने परत सुरू. काहून?

दोन कारणं जास्त करून. एक, इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात टांगलेला. त्याच्यावर आयपी-६५ लिहिलेलं असतं म्हणून वेंडर म्हणतो बाहेर चालतो, पण ते पाण्या-धुळीबद्दल आहे, ४५ डिग्रीच्या उन्हाबद्दल नाही. तापला की आधी तो पॉवर कमी करतो मग बंद होतो. सावलीत, चारही बाजूंनी हवा मिळेल असा सरकवून घ्या.

दुसरं कारण शोधायला जरा कठीण. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी वायर बारीक टाकली किंवा मधला जोड ढिला राहिला, तर दुपारी जास्तीत जास्त पॉवर बाहेर ढकलताना इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज चढतं, ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो स्वतःला तोडून घेतो. डिस्प्लेवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज असं काहीतरी येतं. वेंडर म्हणणार एमएसईबीचा (म्हणजे महावितरणचा) प्रॉब्लेम, एमएसईबीवाले म्हणणार वेंडरचा. तुम्ही एवढंच करा, दुपारी एकाच वेळी दोन जागी व्होल्टेज मोजून घ्या, मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी. मीटरपाशीच जास्त असेल तर १९१२ वर तक्रार, मीटरपाशी २३८ आणि इन्व्हर्टरपाशी २५२ असं असेल तर मधली वायर, म्हणजे वेंडर.

डीबीमध्ये अजून एक गोष्ट इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्याच, डीसी बाजूला एमसीबी (जास्त करंट आला की तोडणारा स्विच) डीसीचाच आहे का. साधा एसीचा एमसीबी स्वस्त पडतो म्हणून लावून देतात, तो डीसीची ठिणगी तोडू शकत नाही आणि डबाच पेटतो. डबा पण असा पाहिजे की वायर खालून आत गेली, वरून भोक पाडून नाही, नाहीतर पावसाचं पाणी वायर धरून आत उतरतं.

लाइन गेली की सोलर पण बंद होते, हा फॉल्ट आहे का?

नाही. बॅटरी नसलेली सिस्टीम लाइन गेली की बंद झालीच पाहिजे, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणून.

मिस्त्री बूट घालून पॅनलवर उभे राहून काम करत होते. काही होते काय?

वरची काच फुटत नाही, आतले सेल तडकतात. डोळ्याला दिसत नाही, युनिट हळूहळू कमी होतात आणि तडकलेल्या जागी गरम डाग पडतो, तो थर्मल कॅमेऱ्यात दिसतो. फोटो काढला असेल तर जपून ठेवा, पुढे वॉरंटीत कामी पडतो. आणि धुणाऱ्या पोरालाही चढू देऊ नका. धुवायचं सकाळी उजाडताच, तापलेल्या काचेवर थंड पाणी नाही, आणि बोरचं पाणी असेल तर शेवटी वायपरने निपटून घ्या, आपल्या बोरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की घासून पण निघत नाहीत. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहत असाल तर राख जास्त बसते, थोडं लवकर लवकर धुवा.

एमएसईबीचा इंजिनियर येऊन पाहून गेला, नेट मीटर (घेतलेले आणि परत दिलेले युनिट मोजणारं) पण लागलं, मग काम बरोबरच असेल न?

तो मीटर, जोडणी आणि कागद पाहतो. प्रत्येक नट कसलेला आहे का, कनेक्टर कोणत्या कंपनीचे, हे पाहायला त्याच्याजवळ वेळ नसतो. त्याच्यावर विसंबू नका.

वेंडर म्हणते सगळे पैसे आधी द्या, सबसिडी येतेच आहे.

सबसिडी तुमच्या खात्यात येते, काम झाल्यावर येते, त्याच्या ॲडव्हान्सशी तिचा काही संबंध नाही. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याच्यावर एकूण ७८,०००. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, माल आल्यावर काही, बसवल्यावर काही, आणि निदान १० टक्के नेट मीटर लागून अर्थिंगचे आकडे हातात आल्यावर. लोन असेल तर बहुतेक वेळा बँक पैसे सरळ वेंडरच्या खात्यात टाकते, म्हणून काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायच्या आधीच छत पाहून घ्या, सही झाल्यावर तुमचा फोन कोणी उचलत नाही हे मी स्वतः भोगलं आहे.

माल उतरला की पॅनलचे सिरियल नंबर काढून ठेवा, ते काचेच्या आत छापलेले असतात. बिलावर, वॉरंटी कार्डवर आणि योजनेच्या पोर्टलवर तेच नंबर पाहिजेत. सबसिडीला भारतात बनलेले सेल आणि पॅनल लागतात, डीसीआर म्हणतात त्याला, ते सर्टिफिकेट पण मागून घ्या.

वेंडर फोनच उचलत नाही. आता काय करू?

फोन करणं बंद करा आणि लिहायला लागा. फोनवर झालेल्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही. व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर एकच मेसेज टाका, तारीख, काय बिघडलं, फोटो, आणि किती दिवसांत दुरुस्त करून पाहिजे. योजनेत लावलं असेल तर ५ वर्षांची देखभाल वेंडरवर आहे, हे मेसेजमध्ये लिहा, पुष्कळ जणांना वाटतं घरमालकाला हे माहीतच नाही. माझ्या अनुभवात अर्धे वेंडर इथेच येतात, कारण लिहिलेल्याची भीती वाटते.

नाही आला तर पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर तुमच्याच लॉगिनमधून तक्रार टाका, हेल्पलाइन १५५५५ आहे. महावितरणच्या सबडिव्हिजनला पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण वेंडर त्यांच्या यादीतला असतो आणि यादीतून नाव जाणं त्याला परवडत नाही. नेट मीटर उशिरा लागलं, बिलात एक्स्पोर्टचे, म्हणजे तुम्ही लाइनला दिलेले, युनिट धरले नाहीत, हे मात्र महावितरणचं काम, त्यासाठी १९१२ आणि तिथे दाद नाही मिळाली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. ही दोन भांडणं एकाच अर्जात मिसळू नका, मिसळली की दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

त्याच्यापुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, वेंडर पुण्याचा असो की रायपूरचा, तुम्ही नागपुरातच करा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवर घरून भरता येते. मुदत २ वर्षं, ती वेंडरच्या "पुढच्या आठवड्यात येतो" मध्ये निघून जाऊ देऊ नका. सोबत दुसऱ्या लायसन्सवाल्या माणसाचा सही-शिक्क्याचा तपासणी रिपोर्ट जोडा, अर्थिंगचे आकडे, फोटो, खर्चाचा अंदाज. त्या कागदाने जेवढं वजन येतं तेवढं दहा पानांच्या रागाने येत नाही.

दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं तर वॉरंटी जाईल का?

पॅनलची आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कंपनीची असते, वेंडरची नाही. वेंडर गायब झाला तरी सिरियल नंबर आणि बिल घेऊन सरळ कंपनीकडे जाता येतं. वायरिंग, अर्थिंग, स्ट्रक्चर हे वेंडरचं काम, ते दुसऱ्याकडून करायच्या आधी पहिल्याला लेखी कळवा, मुदत द्या, आधीचे-नंतरचे फोटो ठेवा आणि काढलेले जळके कनेक्टर फेकू नका, पिशवीत तारीख लिहून ठेवा. धोका समोर दिसत असेल, जळकट वास, वितळलेलं प्लास्टिक, बॉडीला करंट, तर मुदतीची वाट पाहू नका, इलेक्ट्रिशियनकडून आधी बंद करून घ्या.

आई-बाबा नागपूरला एकटे राहतात, मी बंगलोरला आहे, मी इथून कसं लक्ष ठेवू?

इन्व्हर्टरच्या ॲपचं लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरवर बनवून घ्या. वेंडर आपल्या खात्यात सगळ्या ग्राहकांचे प्लांट ठेवतो आणि तुम्हाला नुसतं पाहायला देतो, मालकाचं खातं तुमचं पाहिजे हे बसवतानाच अडून मागा. मग रोज पाहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पाहिलं तरी चालते. स्वच्छ दिवसाचा आलेख सकाळपासून चढत दुपारी डोंगरासारखा होऊन उतरतो. सकाळी उशिरा सुरू झाला तर ओल, दुपारी दातासारखा तुटला तर व्होल्टेज किंवा गरमी, रोज त्याच वेळी खळगा पडला तर सावली. तेवढा स्क्रीनशॉट वेंडरला पाठवा.

आणि बाबांना छतावर चढवू नका फोटो काढायला. आमच्या कॉलनीतल्या एका काकांना मुलाने फोनवर सांगून पॅनलखाली वाकवलं होतं, ७२ वय, हातात स्टीलचा झारा घेऊन वायर उचलून दाखवत होते, मी शेजारच्या छतावरून ओरडलो म्हणून थांबले. ५००-७०० रुपये घेऊन ओळखीचा इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात सगळे फोटो काढून देतो, त्याला पाठवा.